जिथे पंखा लागत नाही

आमच्या घरमालकांच्या घरात एकाही छताला पंख्याचा हूक नव्हता. गवंडी विसरला असं नाही. घराचा नकाशा त्यांनी स्वतः काढला होता आणि त्यावर "हूक नको" असं ठळक लिहिलं होतं. तरीही गवंड्याने सवयीने हॉलच्या स्लॅबमधून एक सळई वाकवून खाली सोडली, तेव्हा यांनी शिडी मागवली आणि समोर उभं राहून ती कापून घेतली. ही हकीकत मला पहिल्याच भेटीत ऐकायला मिळाली. खोली बघायला आलेल्या माणसाला लोक भाडं सांगतात, पाण्याच्या वेळा सांगतात. यांनी मला छत दाखवलं.

"फॅन लागतो का?" त्यांनी विचारलं.

मी निपाणीची. यशवंतपूरच्या एका कारखान्यात परचेस विभागात नुकतीच लागले होते. एप्रिलचं ऊन होतं, स्टेशनापासून चालत आले होते आणि ओढणीने गळा पुसत उभी होते. "लागतो ना," मी म्हटलं.

"म्हणजे तुला बेंगळूर अजून कळलं नाही," ते म्हणाले. "राहा. कळेल."

गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. नवराबायकोला भाऊबहीण करून टाकणारी ही पद्धत मला आधी विचित्र वाटली, मग मीही तेच म्हणू लागले. ते मला कधी नावाने हाक मारत नसत. आधीचा भाडेकरू धारवाडचा होता म्हणून तो "धारवाड", तशी मी "निपाणी". त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. त्यांच्या मराठीत थोड्याचं कन्नड स्वल्प आणि बरं म्हणायचं सरी इतके मुरलेले होते की मी सुरुवातीला हसायची. "तुमची मराठी कोल्हापूर सोडून कुठं गेली नाही," ते मला सुनवायचे. "आमची घोड्यावर बसून इथवर आली आणि कन्नडात लग्न करून राहिली. संसार म्हटला की थोडी भेसळ होतेच."

अण्णा सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, कधीच रिटायर झाले होते. अंगात बाराही महिने पूर्ण बाह्यांचा मरून स्वेटर. अक्कांनी विणलेला. संध्याकाळी फिरायला निघताना वर माकडटोपी. एप्रिलमध्ये सकाळी नऊ वाजता गेटपाशी उभे राहून, वरच्या ओठावर घामाचे थेंब घेऊन, ते मला म्हणत, "काय निपाणी, काय थंडी, अं?" ऊन हा शब्द ते वापरत नसत. फारच झालं तर "आज उजेड जरा जास्त आहे" म्हणत. आणि कुणी त्यांच्यासमोर "उकडतंय" म्हटलं, तर घरातल्या कुणाला शिवी दिल्यासारखं त्यांचं तोंड होई. फुलं विकणारी बाई रोज टोपली डोक्यावर घेऊन उन्हात तापलेली यायची आणि या गेटशी आली की न चुकता म्हणायची, "तुंबा चळी, अण्णा." फार थंडी आहे हो. तेवढ्यावर ते एक हार जास्त घेत. पुढच्या गेटशी ती पदराने वारा घेत उन्हाच्या नावाने बोटं मोडायची, ते मी गच्चीतून ऐकत असे.

मी पहिल्याच उन्हाळ्यात सुट्टीवरून येताना सुटकेसमध्ये, चादरीत गुंडाळून, एक टेबलफॅन आणला. दोन दिवसांनी जिन्याखालून आवाज आला, "निपाणी, वर काय गिरणी टाकलीस काय?"

"मिक्सर आहे अण्णा. चटणी वाटतेय."

"रात्रभर?"

त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. फक्त सकाळी भेटले की विचारायचे, "चटणी झाली का बारीक?" मी हो म्हणायची. आमचा हा करार छान चालला होता.

मी मनाशी त्यांचा निकाल लावून टाकला होता. बेंगळूरच्या जुन्या माणसांना हा आजारच असतो. पूर्वी इथं पंखे नव्हते, पूर्वी इथं मे महिन्यात शाल लागायची, हे सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. अण्णांना तो आजार जरा जास्त झालाय, एवढंच मला वाटायचं. ते तेवढंच नव्हतं, हे कळायला मला अक्कांच्या खुर्चीशेजारी बसावं लागलं.

मी राहायला आले तेव्हाच अक्कांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चमचे, मग नावं, मग कोणतं साल चाललंय ते. हॉलमध्ये भिंतीला लागून एक मोठी काचेची टाकी होती, तिच्यासमोर वेताची खुर्ची, आणि त्या खुर्चीत अक्का. टाकीत एकच गोल्डफिश. प्लास्टिकच्या पिशवीतून अक्कांनीच आणला होता तो, बोटाच्या पेराएवढा. आता तळहाताएवढा झाला होता आणि म्हातारपणाने त्याचा केशरी रंग पोटाकडून पांढरा पडत चालला होता. अक्का त्याला "अगं" म्हणत. माणसांशी बोलणं कमी कमी होत गेलं तसं सगळं बोलणं त्या माशाशी होऊ लागलं.

एकदा मी डबा परत द्यायला खाली गेले. मार्च संपत आला होता. अण्णा जमिनीवर बसून घेवडा निवडत होते. अक्कांनी टाकीवरून नजर काढली आणि त्यांना विचारलं, "अहो, बेंगळूरची गाडी कधी आहे?"

"येईल," अण्णा म्हणाले. "स्वल्प लेट आहे."

"मघाशीपण हेच म्हणालात."

"सिग्नल मिळाला नाही अजून."

अक्का माशाकडे वळल्या. "ऐकलंस? सिग्नल नाही म्हणतात. ते तिकडे वाट बघत असतील गं. उगीच काळजी करतील." मग जरा वाकून, गुपित सांगावं तशा, "तिथं पंखा लागत नाही म्हणे."

मी अण्णांकडे पाहिलं. ते शेंगेची शीर काढत होते.

अक्कांचं माहेर गुलबर्ग्याचं. उन्हाळ्यात तिथं दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही म्हणतात. अण्णांनी मला जिन्यात उभं राहून समजावून सांगितलं, आणि तेही एखाद्या मशीनचं काम सांगावं तसं. "थंडी असली की ती इथं असते. डिसेंबरात सकाळी मला विचारते, स्वेटर घातलात का, कॉफी घेतली का. सगळं बरोबर. उजेड वाढला की ती जाते माहेरी. अंगाला गरम लागलं की तिला वाटतं आपण गुलबर्ग्यात आहोत, लग्न ठरलंय, आणि न्यायला कोणी येत नाही."

"मग तुम्ही कोण असता तेव्हा?"

"मी स्टेशन मास्तर," ते म्हणाले. "काय करणार? न्यायला येणारा मीच आहे म्हटलं तर घाबरते. तो तरुण आहे म्हणते, तुम्ही म्हातारे."

हे सांगून ते हसले.

पूर्वी ती माहेरची फेरी चार-आठ दिवसांची असायची. वळवाची एक सर आली, हवा गार झाली की अक्का परत यायच्या. त्या वर्षी उन्हाळा शिवरात्रीलाच सुरू झाला आणि पाऊस पडेना. शिवरात्रीला गेलेल्या अक्का पाडवा झाला तरी आल्या नव्हत्या. दिवसभर त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत गाडीची चौकशी करत. अण्णा त्यांच्या खुर्चीमागे स्टूल टाकून हातपंख्याने वारा घालत बसत. हात भरून आला की दुसऱ्या हातात घेत.

मला त्यांचा संताप आला. मी खाली गेले आणि तोंडावर म्हटलं, "अण्णा, बास झालं तुमचं बेंगळूर. हूक नाही तर नाही, माझा टेबलफॅन घ्या. अक्कांना त्रास होतोय तो दिसत नाही का?"

त्यांनी हातपंखा थांबवला नाही. "आण," म्हणाले.

मी वरून फॅन आणला, स्टुलावर ठेवला, बटण दाबलं. अक्कांच्या कपाळावरचे केस उडाले. क्षणभर मला वाटलं, बघा, एवढंच तर होतं. मग अक्कांनी पंख्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "पंखा," त्या म्हणाल्या. "म्हणजे अजून घरीच आहे मी." आणि त्या रडायला लागल्या. मोठ्याने नाही. लहान मुलीला जत्रेला नेतो म्हणून मागे ठेवून गेल्यावर ती जशी दाराशी बसून रडते, तशा. अण्णांनी वायर ओढून फॅन बंद केला आणि मला म्हणाले, "वर ने अम्मा. तुझी चूक नाही. मी मागच्या वर्षी हे करून बघितलंय."

त्याच आठवड्यात मासा वर येऊ लागला. पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून तो सारखी उघडझाप करी. पाणी कोमट झालं होतं, आणि कोमट पाण्यात त्याला श्वास पुरत नव्हता. अक्का खुर्चीतून उठून काचेला हात लावून उभ्या राहत. "हिला उकडतंय. हिला आधी न्या. मी मागून येते." त्यांनी जेवण सोडलं. मासा खात नाही तर मीही नाही. अण्णांनी घास पुढे केला की तोंड फिरवायच्या आणि त्या माशाकडे बोट दाखवायच्या. मासा गेला तर अक्कांचं जेवण जाईल, बोलणं जाईल, त्या जिथे कुठे होत्या तिथे त्यांच्या सोबतीलाही कुणी उरणार नाही, हे अण्णांना दिसत होतं आणि मलाही.

आधी त्यांनी बर्फ केला. पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून टाकीत सोडायच्या. बर्फ असेतो पाणी एकदम गार, तो वितळला की पुन्हा कोमट. मासा त्या चढउताराने आणखी मलूल झाला, एका कुशीवर कलू लागला. मग मी त्यांना मासे विकणाऱ्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार भला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, यात काय आहे सर, टाकीच्या तोंडावर एक छोटा पंखा बसवा, पाण्यावरून वारा गेला की आपोआप गार होतं.

"आणखी काही उपाय?" अण्णांनी विचारलं.

"चिलर आहे. पण एका माशासाठी चिलर कशाला सर? पंखा लावा."

"चिलर सांगा," अण्णा म्हणाले.

चिलर म्हणजे पाण्याचा फ्रीज. टाकीतलं पाणी पंपाने ओढायचं, नळीतून त्या यंत्रात सोडायचं, तिथं ते गार होतं आणि दुसऱ्या नळीने टाकीत परत येतं. हौशी लोक परदेशी मासे पाळतात, ते असली यंत्रं घेतात. ज्या माणसाने घरात साधा पंखा टिकू दिला नाही, तो म्हाताऱ्या गोल्डफिशसाठी वातानुकूलन करायला निघाला होता. मी रिक्षात त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "पंखा पंखा आहे. हे पाण्याचं काम आहे. तू परचेसवाली ना? चांगला बघून मागव."

मी मागवला. खोका आला त्या दिवशी अण्णांनी दाढी करून घेतली होती. एरवी घरात कुणी सही करून वस्तू घ्यावी तशी ती त्यांनी घेतली नाही. आणणाऱ्या माणसांना "आडवा करू नका, आडवा करू नका" म्हणत गेटपासून हॉलपर्यंत उलट्या पावली चालत आले. प्रवासात यंत्र हललेलं असतं, आतलं तेल खाली बसायला हवं, म्हणून लगेच सुरू करायचं नसतं. दुसऱ्या दिवसापर्यंत ते त्याच्याशेजारी पेपर वाचत बसून राहिले. मध्येच उठून ते सरळ उभं आहे ना, हे डोळा बारीक करून बघत.

जोडणीचा नकाशा त्यांनी आधीच काढून ठेवला होता. पंप इथे, जाणारी नळी लाल, येणारी निळी, नळीच्या तोंडाला क्लिपा. ड्राफ्ट्समनचं सुरेख अक्षर. मी नळी धरायची, ते स्क्रू पिळायचे. गुडघे दुखत होते म्हणून ते जमिनीवर पालथे झोपून काम करत होते, आणि तशाही अवस्थेत स्वेटर अंगात होताच. "एका दिवसात एकच डिग्री उतरवायची," ते खालून मला सांगत होते. "एकदम गार केलं तर धक्का बसतो. हळूहळू बावीसवर आणायचं."

"बावीसच का?"

"बेंगळूर बावीस असतं," ते म्हणाले.

सगळं बरोबर होतं, एक गोष्ट सोडून. चिलर त्यांनी टाकीच्या खालच्या लाकडी कपाटात ठेवला होता आणि कपाटाचं दार लावून घेतलं होतं. असं यंत्र पाण्यातली उष्णता काढून मागून बाहेर फेकतं, त्याला चारी बाजूंनी मोकळी हवा लागते. हे त्याच्या माहितीपत्रकात होतं, आणि मी दोनदा वाचूनही दाखवलं होतं. "सरी, सरी," ते म्हणाले आणि दार लावलं. संध्याकाळपर्यंत कपाट भट्टीसारखं तापलं. यंत्र स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहिलं, घुरघुरलं, आणि बंद पडलं. पाणी होतं त्याहून कोमट. हॉल त्याहून गरम. अक्का त्या घुरघुरीकडे कान देऊन म्हणत होत्या, "पंखा लावलाय कुणीतरी. आत लपवून लावलाय." आणि मासा पाण्याच्या वर तोंड काढून तसाच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी दुपारीच आले. अण्णा बाहेरच्या पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "बाहेर व्हरांड्यात ठेवूया अण्णा. खिडकीतून नळ्या आत घेऊ. गरम हवा बाहेरच्या बाहेर जाईल."

"व्हरांडा गल्लीवर आहे," ते म्हणाले.

"मग?"

"सगळ्यांना दिसेल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं ज्यांना थंडी थंडी म्हणून दटावलं, त्या गल्लीसमोर गार करायचं यंत्र मांडायचं त्यांना जड जात होतं. मला चीड आली आणि हसूही आलं. "लोक काय म्हणतील म्हणून मासा मारणार आहात का?"

"लोकांचं नाही गं," ते म्हणाले. "गुलबर्ग्याला मुलगी बघायला गेलो तेव्हा मे महिना होता. तिच्या वडलांनी विचारलं, तुमच्याकडे काय आहे? घर भाड्याचं, नोकरी टेंपररी. मला काही सुचेना. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि त्याचा वारासुद्धा गरम. मी म्हटलं, आमच्या गावात पंखा लागत नाही. सगळे हसले. ती दाराआड होती. नंतर मला म्हणाली, मी तेवढ्यावरच हो म्हटलं."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"दुसरं काही दिलं नाही मी तिला," अण्णा म्हणाले. "दागिना नाही, मूल नाही. हे एवढंच होतं माझ्याकडे. ते तर माझं नव्हतंच, गावाचं होतं. आता गावाने काढून घेतलं तर मी कुणाकडे जाऊ मागायला?"

आत अक्का माशाला काहीतरी समजावत होत्या, तेवढाच आवाज येत होता. मग अण्णा उठले, पॅन्टची धूळ झाडली आणि म्हणाले, "चल. धर एका बाजूने."

आम्ही दोघांनी चिलर व्हरांड्यात आणला. समोरचे दोघे-तिघे गेटशी येऊन उभे राहिले. फुलवाली पण थांबली. अण्णांनी कुणाकडे पाहिलं नाही. खिडकीच्या गजांतून नळ्या आत घेतल्या, पण आता त्या लांब झाल्या होत्या आणि व्हरांड्यात ऊन येत होतं. गार झालेलं पाणी आत पोचेपर्यंत वाटेत पुन्हा तापणार. नळ्यांवर काहीतरी जाड गुंडाळायला हवं होतं. मी म्हटलं, दुकानातून फोम आणते. ते म्हणाले, "आजचा दिवस जाईल त्यात." त्यांनी अंगातला स्वेटर काढला. मी इतक्या दिवसांत प्रथमच त्यांना नुसत्या शर्टात बघत होते. केवढे बारीक हात होते. त्यांनी आतून कात्री आणली, स्वेटरच्या दोन्ही बाह्या खांद्यापासून कापल्या आणि मोजे चढवावेत तशा एकेका नळीवर चढवल्या. मापात बसल्या. मग उरलेला स्वेटर पुन्हा अंगात घातला आणि बटण दाबलं.

फुलवाली तिकडून म्हणाली, "तुंबा चळी, अण्णा." टिंगल नव्हती त्यात. अण्णांनी मान हलवली.

पाणी रोज थोडं थोडं उतरत गेलं. मासा आधी सरळ झाला, मग वरून खाली आला, मग एका सकाळी त्याने तळातले खडे तोंडात घेऊन थुंकले, आणि अण्णांनी मला ते सांगायला जिना चढून वर येऊन दार वाजवलं. अक्का जेवू लागल्या. पण गाडीची चौकशी तशीच चालू होती.

बावीसचा आकडा लागला तो रविवार होता. दुपारी आभाळ आलं होतं, पाऊस पडत नव्हता, नुसती घामट हवा. टाकीच्या बाहेरून काचेवर दव धरलं होतं. मी चिलरच्या पाइपची एक क्लिप बघायला खाली आले होते. अक्का उठल्या, काचेवर बोट ओढलं, ओलं बोट बघितलं, आणि मग आपला गाल त्या काचेला लावला. डोळे मिटून तशाच उभ्या राहिल्या. आम्ही दोघं हललो नाही.

"गार लागतंय," त्या म्हणाल्या. मग डोळे उघडून, "आलं वाटतं."

"काय आलं?" अण्णांनी विचारलं.

"बेंगळूर."

त्या वळल्या. अण्णांकडे बघत राहिल्या. चेहऱ्याकडे, मग खांद्यांकडे, जिथे मरून लोकरीचे कापलेले धागे लोंबत होते. कपाळाला आठी पडली.

"तुमच्या स्वेटरच्या बाह्या कुठं गेल्या?" त्या म्हणाल्या. "मी एवढ्या विणलेल्या!"

अण्णांनी खांद्याचा लोंबता धागा ओढला. म्हणाले, "उसवल्या."

"उसवल्या कशा? दोन टाक्यांची वीण होती माझी. आणा इकडे लोकर. थंडीच्या आत करून देते. असे काय हिंडता उघड्या हातांनी, गारठा केवढा आहे!"

"हो," अण्णा म्हणाले, "फार गारठा आहे," आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता, डोळ्यांतून पाणी. मी व्हरांड्यात येऊन उभी राहिले. चिलरची गरम हवा माझ्या पायांवर येत होती.

नंतरही अक्का जात-येत राहिल्या. मध्येच गाडीचं विचारायच्या. पण रोज दुपारी काचेला गाल लावला की थोडा वेळ तरी घरी असायच्या. मी मरून लोकर शोधली, त्या छटेची मिळाली नाही, निळी आणली. हातांना विणणं आठवत होतं. कुठे थांबायचं तेवढं आठवत नव्हतं. बाही मनगटापाशी संपायला हवी होती, ती पुढे पुढे चालतच राहिली. खुर्चीवरून खाली आली, जमिनीवर वेटोळी घालून बसली. अण्णांनी त्यांना एकदाही थांबवलं नाही. लोकर संपत आली की मला म्हणायचे, "निपाणी, निळी."

माझी कंपनी शहराबाहेर होसकोट्याला गेली, मग मीही तिकडे खोली घेतली. अक्का गेल्याचं मला फोनवर कळलं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अण्णा गेटपाशीच भेटले. जानेवारीची सकाळ होती, खरोखरची थंडी. ते म्हणाले, "गेली तेव्हा इथंच होती. गुलबर्ग्यात नव्हती." हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होते, आणि समोरच्या माणसाला काही कळत नव्हतं.

त्यानंतर गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. मध्ये इतके महिने जाऊ दिले याचं वाईट वाटत होतं. व्हरांड्यात चिलर चालू होता. एका नळीवर जुनी मरून बाही होती. दुसरीवर निळी. चिलरपासून निघून व्हरांडा ओलांडून, खिडकीच्या गजातून आत, थेट टाकीपर्यंत ती एकच बाही गेली होती आणि तरीही टोकाला थोडी उरून लोंबत होती.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि अंगावर वारा आला. वर बघितलं. छताला पंखा होता. कापलेल्या सळईचं टोक स्लॅबमध्ये अजून होतं, त्याच्याच शेजारी भोक पाडून बसवला होता. पंखा फुल स्पीडवर फिरत होता. अण्णा त्याच्याखाली वेताच्या खुर्चीत बसले होते, अक्कांच्या. मासा बावीसच्या पाण्यात हळूहळू शेपटी हलवत होता, रंगाने आता जवळजवळ पांढरा.

"बस," अण्णा म्हणाले. "तुझ्या खोलीतपण लावून घेतलाय. नवीन भाडेकरू आहे, बेळगाव."

मी बसले. सवयीने मी म्हटलं, "काय थंडी, अं, अण्णा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बिनबाह्यांचा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि वर फिरणाऱ्या पात्यांकडे बघत राहिले.

"उकडतंय गं, निपाणी," ते म्हणाले.